पानकाप्या माश्या प्रयोगशाळेत कशा वाढवाव्यात: कोकणातल्या दमट हवेसाठी

पोळ्यातल्या मधमाश्यांवर प्रयोग करायचे तर पेटी आणली की काम सुरू करता येते. पानकाप्यांसारख्या एकट्याने राहणाऱ्या माश्यांमध्ये राणी नसते, कामकरी नसतात, मधाचा साठाही नसतो. मादी एकटीच नळीसारखी पोकळी शोधते, कप्पा करते, त्यात पराग आणि मकरंद कालवून शिदोरी ठेवते, तिच्यावर एक अंडे घालते, कप्पा बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. कीटकनाशकांचा परिणाम असो, परागीभवन असो की रोग, अभ्यासाचा कच्चा माल म्हणजे हे भरलेले कप्पे.

या विषयावरची बहुतेक मार्गदर्शने युरोप-अमेरिकेतल्या ओस्मिया माश्यांची किंवा लसूणघासाच्या परागीभवनासाठी पाळल्या जाणाऱ्या मेगाकिली रोटुंडाटा या माशीची असतात. रोटुंडाटाच्या अळ्या हिवाळाभर ४ ते ५ अंश सेल्सियसला ठेवतात आणि हंगाम जवळ आला की उबवतात. कोकणात तशी थंडी नाही आणि इथल्या माश्या वर्षातून अनेक पिढ्या काढतात, त्यामुळे फ्रिजचा तो सगळा भाग सरळ गाळावा. वाचलेले लक्ष ओलाव्याकडे द्यावे. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही काम करा, नमुने हातचे जातात ते बहुधा बुरशीने.

कोणती माशी?

मेगाकिली वंशातल्या पानकाप्या माश्या सुरुवातीला सर्वांत सोयीच्या. गुलाबाच्या किंवा आपट्याच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल आणि लांबट तुकडे गेलेले दिसले, की त्या आसपास आहेत असे समजा. लांबट तुकड्यांचा कप्पा होतो, गोल तुकड्यांचे झाकण. फुलावर बसलेली मादी ओळखायची तर पाय बघू नका, पोट बघा. साधी मधमाशी पराग मागच्या पायांवर नेते, तर मेगाकिलीच्या मादीच्या पोटाखाली दाट केसांचा पट्टा असतो आणि परागाने भरला की तो पिवळाधमक दिसतो. याच वंशातली मेगाकिली लनाटा पाने न कापता मातीचे कप्पे करते. भिंतीतल्या भोकांत, खिडकीच्या चौकटीत ती हमखास सापडते. मोठे काळे भुंगे लाकूड कोरून राहतात, पण त्यांना जागा फार लागते. पहिल्या प्रयोगाला ते नकोत.

नळ्या तयार करणे

आतला व्यास ५ ते १० मिलिमीटर आणि लांबी १२ ते १५ सेंटिमीटर ठेवा. एकाच मापाच्या नळ्या लावू नका. प्रत्येक जात आपल्या अंगाला बेताची पोकळी निवडते. लांबीत मात्र कंजुषी नको. मादी फलित अंडी आतल्या बाजूला घालते, त्यांतून माद्या होतात. तोंडाकडच्या कप्प्यांत अफलित अंडी, म्हणजे नर. नळी आखूड असली की नरच जास्त मिळतात आणि पुढची पिढी तिथेच आटते.

कोकणात सहज मिळणारा माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, तो इथे बाद. बोरू किंवा बारीक पोकळ बांबूच्या फांद्या घ्या. एका बाजूला पेर राहील असे कापा आणि तोंड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कुसळे राहिली तर पंख फाटतात, आणि मादी अशा नळीत सहसा शिरतही नाही. आत बटर पेपरची सुरळी सरकवली (पेन्सिलीवर गुंडाळून छान होते) तर नंतर बांबू न चिरता पूर्ण घरटे बाहेर ओढता येते. प्लास्टिकचे स्ट्रॉ स्वस्त आणि पारदर्शक असले तरी घेऊ नका. शिदोरीतला ओलावा त्यात कोंडतो आणि आठवड्याभरात बुरशी धरते.

आत काय चालले आहे ते रोज बघायचे असेल तर लाकडी फळीत ८ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच पाडा, वर पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी बसवा आणि तिच्यावर काळे कापड टाका. उजेड शिरला तर मादी ती जागा सोडते, म्हणून कापड फक्त निरीक्षणापुरते उचलायचे.

कुठे आणि कधी टांगायच्या

वीस-पंचवीस नळ्यांची मोळी करून, तोंडे पूर्वेला किंवा आग्नेयेला, जमिनीपासून मीटर-दीड मीटर उंचीवर, वळचणीखाली घट्ट बांधा. वाऱ्याने झुलणाऱ्या मोळीत घरटी होत नाहीत. खांबाला ग्रीसचा चार बोटे रुंद पट्टा लावा, नाहीतर मुंग्या पहिल्याच रात्री शिदोरी लुटतात.

हंगाम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून. भात कापल्यानंतर अंगओलीवर घेतलेले कडवे वाल, चवळी आणि बांधावरची तूर फुलावर येतात तेव्हा नळ्या भराभर भरतात. पानकाप्यांना कडधान्यांची फुले विशेष आवडतात. पुढे करंज फुलतो तोवर काम चालू राहते. हापूसच्या बागेत मात्र नळ्या टांगू नका, जागा कितीही सोयीची असो. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात, काजूवर ढेकण्यासाठी होतात, आणि ते औषध शिदोरीत उतरते. अशा कप्प्यांवर कीटकनाशकाची चाचणी घेतली तर तुमचा ‘स्वच्छ’ गट आधीच विषारी असतो. परसबाग किंवा फवारणी नसलेले वालाचे शेत बरे. वनजमिनीवर टांगायच्या असतील तर आधी वनविभागाची परवानगी घ्या.

आठवड्यातून दोनदा फेरी मारा. तोंडाला पानांची चकती दिसली की नळीवर तारीख आणि क्रमांक लिहा. मातीने बंद झालेली नळी मेगाकिली लनाटाची असू शकते किंवा कुंभारमाशीची; आत सुरवंट किंवा कोळी भरलेले निघाले तर ती कुंभारमाशी किंवा तिची भावकी.

आणणे आणि उघडणे

अंडे शिदोरीला अलगद चिकटलेले असते आणि मेगाकिलीची शिदोरी बरीच ओलसर, जवळजवळ पातळ असते. स्कूटरच्या डिकीत खडखडत आणलेल्या नळीत अंडे सुटते, उलटते आणि अळी शिदोरीत बुडून मरते. म्हणून दोनच वेळा योग्य. अळ्यांवर प्रयोग करायचा असेल तर तोंड बंद झाल्याबरोबर, नळी आडवी ठेवून, फोमवर, मांडीवर घेऊन आणा. प्रौढ माश्याच हव्या असतील तर तोंड बंद झाल्यावर पंधरा-वीस दिवस थांबा. तोवर अळ्यांनी खाऊन रेशमी कोश विणलेला असतो आणि धक्के सोसतात. थांबण्याची किंमतही आहे: जितके दिवस बाहेर, तितके परजीवी जास्त.

प्रयोगशाळेत सुरळी ओढून काढा, कप्प्यांना आतल्या टोकापासून क्रमांक द्या, नळीत वर असलेली बाजूच वर राहील असे उचला. पानांचा कप्पा फोडू नका. झाकणाची वरची एक-दोन पाने ओल्या शून्य नंबरच्या ब्रशने सोडवली तरी आत डोकावता येते. प्रत्येक कप्पा वेगळा ठेवा. चोवीस खळग्यांची प्लेट यासाठी उत्तम, खळग्याच्या तळाशी गाळणकागदाची चकती. परदेशात जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल वापरतात. पावसाळ्यातल्या कोकणात त्या हवेतला ओलावा शोषून मऊ पडतात आणि कोशाला चिकटतात.

तापमान आणि ओलावा

तापमान २८ ते ३० अंश. बीओडी इन्क्युबेटर (ठरवलेले तापमान राखणारे कपाट) असला तर उत्तम, नसला तर पंखा आणि थर्मोस्टॅट लावलेली थर्माकोलची मोठी पेटी चालते. ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आत पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बाटल्या ठेवल्या तर वादळात वीज गेल्यावरही तापमान हळूहळू बदलते. पण प्रयोग जून-जुलैत येणार असेल तर इन्व्हर्टरशिवाय सुरुवातच करू नका.

सापेक्ष आर्द्रता ६० ते ७५ टक्के. पावसाळ्यात खोलीतच ती ९०च्या पुढे जाते, आणि खोलीतली हवा इन्क्युबेटरमध्ये खेळवून भागत नाही. सगळ्यांत स्वस्त उपाय मिठाचा. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा डेसिकेटरमध्ये (प्रयोगशाळेतल्या हवाबंद भांड्यात) तळाशी सोडियम क्लोराइडचे संपृक्त द्रावण ठेवा आणि वर जाळीवर प्लेट. बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास आपोआप टिकते. द्रावण संपृक्त आहे याची खूण एकच: तळाशी न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे. नुसते पाणी उरले की मीठ घाला, नुसते कोरडे खडे उरले की पाणी. डबा रोज दोन मिनिटे उघडून हवा बदला, कारण आतल्या अळ्या श्वास घेतात. प्लेटच्या झाकणावर दव दिसले तर तापमानात चढउतार होत आहेत असे समजा आणि डबा इन्क्युबेटरच्या दारापासून लांब सरकवा.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलने काम लवकर होते, पण त्यावर लक्ष ठेवावे लागते. जास्त झाले तर शिदोरी वाळून कडक होते, लहान अळीला ती खाता येत नाही आणि ती भरल्या ताटावर उपाशी मरते. डिसेंबर-जानेवारीत हीटरमुळे आतली हवा उलट कोरडी होते. तेव्हाही मिठाचा डबाच सांभाळून घेतो.

वाढ कशी ओळखायची

अंडे दोन-तीन दिवसांत फुटते. अळी एक-दोन आठवडे खाते. शिदोरी संपण्याआधीच तिच्याभोवती बारीक तपकिरी-काळ्या गोळ्या दिसू लागतात. नवखे लोक बुरशी समजून असे कप्पे फेकून देतात. ती अळीची विष्ठा असते आणि पुढे कोशाच्या भिंतीत विणली जाते. बुरशीला धागे असतात, हिरवट किंवा पांढरी लव असते आणि कुबट वास येतो. भिंगाखाली फरक लगेच कळतो.

कोश विणल्यावर आतली अळी मलईच्या रंगाची, टपोरी असते आणि ब्रश लावला की किंचित हलते. प्यूपा (अळी आणि माशी यांच्यामधली अवस्था) झाल्यावर डोळ्यांचा रंग बघा: पांढरा, मग गुलाबी, मग तपकिरी, शेवटी काळा. डोळे आणि अंग काळवंडले की काही दिवसांत माशी बाहेर येते. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण चार ते सहा आठवडे. काही अळ्या मात्र कोशात तशाच महिनोन्‌महिने थांबून राहतात. त्या टपोऱ्या आणि मलईच्या रंगाच्या असतील तर मेलेल्या नाहीत, टाकू नका.

परजीवी आणि रोग

सर्वांत भयंकर मेलिटोबिया. जेमतेम मिलिमीटरभर लांबीची ही गांधीलमाशी एका अळीवर ढिगाने पिल्ले काढते आणि कप्प्या-कप्प्यांतून रांगत सगळी प्लेट संपवते. नुसते झाकण तिला अडवत नाही. खळग्यांच्या तोंडावर बारीक विणीचे कापड आणि त्यावर दाब हवा. एका कप्प्यात हालचाल करणारे बारीक काळे ठिपके दिसले की तो कप्पा त्याच क्षणी बंद पिशवीत घालून उणे २० अंशांना दोन दिवस ठेवा. पिशवी उघडून नीट बघण्याचा मोह आवरा.

कोएलिऑक्सिस ही टोकदार पोटाची माशी मेगाकिलीच्या कप्प्यात आपले अंडे चोरून घालते. माशी अनोळखी निघाली तर आधी तिचा संशय घ्या. अळी कडक खडूसारखी झाली असेल तर ॲस्कोस्फीरा बुरशीचा रोग असू शकतो. असा कप्पा फोडला की बीजाणू सगळीकडे उडतात. तो न फोडता जाळा, चिमटे आणि प्लेट सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून धुवा. वापरलेल्या बोरूच्या नळ्या पुन्हा वापरू नका. टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आणि पालींसाठी खिडक्यांना जाळी लावा.

माश्या बाहेर आल्यावर

नर आधी येतात, माद्या काही दिवसांनी. अल्पकाळच्या चाचणीला ६० सेंटिमीटरचा जाळीचा पिंजरा पुरतो. खाद्य म्हणजे ५० ग्रॅम साखर ५० मिलिलिटर पाण्यात, रोज ताजे. दमट हवेत ते दुसऱ्या दिवशी आंबते. इथे अनेकांचे प्रयोग अडतात: माश्या भरल्या बाटलीशेजारी उपाशी मरतात, कारण बाटली त्यांना फूल वाटत नाही. कापसाची वात लावलेली छोटी कुपी ताज्या फुलाच्या मध्यात खोचा. एकदा सोंड लागली की दुसऱ्यांदा शिकवावे लागत नाही. पिंजरा ट्यूबलाइटखाली न ठेवता दिवसाच्या उजेडात ठेवा.

पुढची पिढी हवी असेल तर खोलीत वेळ घालवू नका. बाहेर २ × २ × २ मीटरचा जाळीचा मांडव घाला, त्यात फुललेली तूर किंवा ताग, एक गुलाब किंवा आपटा, मातीचा ओला गोळा आणि नव्या नळ्या ठेवा. सुरुवातीला आठ-दहा माद्या आणि त्यांच्या दुप्पट नर पुरे. पहिले दोन दिवस माश्या जाळीवरच आपटतात. तिसऱ्या दिवशीही नळ्यांकडे फिरकल्या नाहीत तर फुले कमी आहेत.

विषचाचणीसाठी माश्या वापरताना औषध न दिलेला गट नेहमी सोबत ठेवा. पोळ्यातल्या मधमाश्यांसाठी ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या) १९९८च्या २१३ आणि २१४ क्रमांकांच्या मार्गदर्शिका त्या गटातले मृत्यू १० टक्क्यांपर्यंतच मान्य करतात. एकट्या माश्यांनाही हीच मर्यादा लावा. ती ओलांडली तर निकाल बाजूला ठेवून आधी साखरपाणी, दव आणि तापमानाची नोंद तपासा. प्रत्येक तुकडीतल्या दोन-तीन माश्या सुईवर लावून, नळी क्रमांकासह, ओळख पटवण्यासाठी जपा. औषध न दिलेल्या उरलेल्या निरोगी माश्या ज्या गावातून आणल्या त्याच गावात सकाळी सोडा.