कॉमिकची मूळ पानं गॅलरीत लावताय? या चुका टाळा

प्रदर्शनाआधी पानं दाखवायला आलेल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "ताई, ही निळी पेन्सिल खोडून टाकू ना?"

नाही. अजिबात खोडू नका.

छपाईच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मवर ही फिकट निळी रेघ उमटायची नाही. म्हणून चित्रकार कच्चं रेखाटन निळ्या पेन्सिलने करायचे आणि त्यावर शाई चढवायचे. पांढऱ्या रंगाने झाकलेला चुकलेला हात, समासात लिहिलेल्या सूचना, वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेला संवादाचा फुगा, यातलं काहीच छापील पानात दिसत नाही. छापील अंक वाचकाच्या घरी असतोच. ठाण्यात कापूरबावडीच्या कलाभवनापर्यंत वाचक येतो ते चित्रकाराच्या हाताचं हे काम बघायला. पान 'स्वच्छ' केलंत की बघण्यासारखं तेच तुम्ही पुसून टाकता.

हीच चूक फ्रेमच्या दुकानात पुन्हा होते. फ्रेमवाला सवयीने माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी चित्राच्या चौकटीला चिकटून कापतो आणि समास झाकला जातो. कागदाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत, हे त्याला आधीच सांगा.

आता दमट हवेबद्दल. ठाण्यात हा विषय थोडक्यात आटपता येत नाही. एका पावसाळ्यात माझं एक पान फ्रेमवाल्याने चारही कोपऱ्यांना डबल टेप लावून बसवलं. आठवड्याभरात कागदाला पापडासारख्या लाटा आल्या. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. कागद ओलावा पितो आणि पसरतो, पण चारही बाजूंनी जखडलेला असला तर पसरणार कुठे? त्यात हॉलचा एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, म्हणजे रोजची ओढाताण. कागद फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने टांगावा. बाकीचा मोकळा सोडावा. सेलोटेप, डबल टेप, फेविकॉल नको. टेपचा पिवळा डाग कागदात मुरला की सहसा निघत नाही. माउंट आणि पाठीमागचा बोर्ड अ‍ॅसिड-फ्री घ्या, आणि भिंतीची ओल थेट लागू नये म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा.

लाटा आल्याच असतील तर इस्त्री फिरवू नका. फ्रेम उघडा, कागद मोकळा करा, दोन टिपकागदांमध्ये सपाट ठेवून वर वजन ठेवा आणि कोरड्या खोलीत काही दिवस राहू द्या. काच कागदाला टेकून शाई चिकटली असेल तर ओढू नका. असं पान मी घरी सोडवत बसत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. पुढच्या वेळी माउंटची जाडी वाढवा किंवा कडेने पट्टी घाला, म्हणजे काच आणि कागद यांत अंतर राहील.

काळ्या शाईचे मोठे ठोकळे असलेल्या पानासमोर उभं राहिलं की चित्राऐवजी आपलाच चेहरा दिसतो. अशी पानं दारासमोर किंवा खिडकीसमोर लावू नका. दिवा वरून तिरका सोडा, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत. खरखरीत 'मॅट' काच हा उपाय नाही. कागदापासून अंतरावर असली की ती बारीक रेघ धूसर करते. दिवा प्रखरही नको, कागदावरच्या कामाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) हे जगभरच्या संग्रहालयांचं माप आहे. काळी इंडियन इंक कार्बनची असल्याने टिकते, पण अल्कोहोल मार्करचे रंग उजेडात उडतात. मार्करचं पान आधी नीट स्कॅन करा. पान फारच जपायचं असेल तर भिंतीवर त्याची प्रत लावा आणि तसं लेबलवर लिहा. प्रत मूळ म्हणून लावणं ही मी माफ न करणारी चूक आहे.

शि. द. फडणीस यांच्या 'हसरी गॅलरी'तलं शब्दाविना बोलणारं चित्र एकटंच पुरेसं असतं. कॉमिकचं पान तसं नाही. त्याच्या आधी काही घडलेलं असतं, पुढे काही घडणार असतं. तरी दहा कथांमधलं एकेक 'सर्वात छान' पान निवडण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याऐवजी एकाच कथेची सलग पाच पानं लावा आणि छापील अंक शेजारी टेबलावर ठेवा. ११ × १७ इंचांच्या पानावरचा फुगा दीड फुटांवरूनच वाचता येतो, त्यामुळे पानाचा मध्य जमिनीपासून ५५ इंचांच्या आसपास असू दे आणि समोर दोरी किंवा खुर्च्या ठेवू नका. लेबल मराठीतच लिहा: कागदावर शाई, निळी पेन्सिल, पांढरा रंग.

विक्रीचं आधी ठरवा. पान विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, हे पावतीवर लिहा. मासिकासाठी नोकरीत काढलेलं पान असेल तर करार तपासा, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ते मासिकात किंवा तशा नियतकालिकात छापण्याचा हक्क वेगळं काही ठरलं नसेल तर मासिकाच्या मालकाचा असतो. मूळ कागद परत मिळणार का, हेही लेखी घ्या.

प्रदर्शन उतरवताना एसीतून बाहेर काढलेली फ्रेम लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं. तासभर तशीच राहू द्या, मग बटर पेपर आणि पुठ्ठा लावून बांधा. घरी आल्यावर मागचा बोर्ड हाताने चाचपून पाहा. दमट लागला तर फ्रेम त्याच रात्री उघडा.