आधी सावली बघा, मग कॅमेरा घ्या

कोल्हापुरात माझ्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीचे काही आठवडे कॅमेरा मिळत नाही. त्यांच्या हातात येतं थर्माकोल, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि काळं कार्डशीट. काहीजण हिरमुसतात, कारण आईवडिलांनी हौसेनं नवा कॅमेरा घेऊन दिलेला असतो. तरी मी यावर ठाम आहे. कॅमेऱ्याची बटणं पंधरा दिवसांत अंगवळणी पडतात. प्रकाश कुठून येतोय, केवढ्या जागेतून येतोय आणि वस्तूवर पडून पुढं कुठं जातोय, हे डोळ्याला दिसायला वेळ लागतो. फोटोग्राफीत पोट भरायचं असेल तर हेच आधी यायला हवं.

मी स्वतः या धंद्यात हिशेब लिहायला आले. बी.कॉम. करत होते आणि एका जुन्या स्टुडिओत संध्याकाळी वह्या भरायचं काम मिळालं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. फिल्मचा जमाना होता. रोलमध्ये ३६ फोटो, धुलाई आणि प्रिंटचा खर्च वेगळा, त्यामुळं अण्णा बटण दाबायच्या आधी बराच वेळ नुसते दिवे हलवत बसायचे. एकदा एक वयस्कर पैलवान आले. सावळा, उन्हानं रापलेला चेहरा, कुस्तीत मुडपलेले कान आणि डोक्याला पांढराशुभ्र फेटा. समोरच्या उघड्या दिव्यात त्यांचा फेटा डोळ्यांत खुपत होता आणि चेहरा मात्र सपाट, काळपट दिसत होता. अण्णांनी दिवा बाजूला घेतला, थोडा वर चढवला, त्याच्यापुढं मांजरपाटाचा पडदा ताणला आणि पैलवानांच्या मांडीवर, फ्रेमच्या खाली, एक पांढरा पुठ्ठा ठेवला. मला म्हणाले, "पोरी, नाकाची सावली बघ. ती ओठाच्या कोपऱ्याकडं उतरली की थांबायचं." मी बघत राहिले. कपाळाची हाडं वर आली, गालावरच्या सुरकुत्या एकेक करून उमटल्या, डोळ्यांत बारीक चमक आली. माणूस तोच, खुर्ची तीच, फक्त दिवा हलला होता. त्या दिवसापासून माझं लक्ष हिशेबाच्या वहीवर कधी राहिलं नाही. पुढं वही दुसऱ्या कुणाकडं गेली आणि मी दिवे धरायला लागले.

त्या मांजरपाटानं नेमकं काय केलं, हे समजलं की निम्मं काम झालं. प्रकाश कडक की मऊ, हे दिव्याच्या ताकदीवर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून पाहिल्यावर दिवा केवढा दिसतो, यावर ते ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण सुमारे १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळं आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून दुपारच्या उन्हातली सावली धारदार असते. आभाळ भरून आलं की तोच प्रकाश सगळ्या आकाशातून येतो आणि सावली विरघळते. अण्णांचा लहानसा दिवा पडद्यावर पसरला तेव्हा दिवा पडद्याएवढा झाला. पडदा जितका जवळ तितका प्रकाश मऊ. तोच पडदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला की पुन्हा कडक.

हे तत्त्व भारतीय सिनेमात मोठ्या ताकदीनं वापरलं ते सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांनी. १९५६ च्या सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्यात सेटवर उभारावं लागलं होतं. अशा अंगणात ऊन थेट येत नाही, वरून आभाळाचा पसरट उजेड झिरपतो. मित्रांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर दिवे मारून परतणारा प्रकाश वापरला. सेटवर आज ज्याला सर्रास 'बाउन्स' म्हणतात, ते काम त्यांनी त्या काळात साध्या कापडावर केलं. महागडा सॉफ्टबॉक्स (दिव्याला लावायची, प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) परवडत नाही म्हणून अडून बसलेल्यांना मी हे आवर्जून सांगते.

दुसरी गोष्ट अंतराची. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि तो २ मीटरवर नेला, तर प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणजे दोन स्टॉप कमी; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट. लग्नाच्या स्टेजवरच्या ग्रुप फोटोत पुढची रांग भगभगीत आणि मागची आजी अंधारात, असं होतं ते याचमुळं. फ्लॅश पुढच्या रांगेपासून दीड मीटरवर आणि मागच्यापासून तीन मीटरवर असेल, तर दोघींत दोन स्टॉपचा फरक पडणारच. तोच फ्लॅश मागं नेऊन पाच मीटरवर उभा केला, की मागची रांग साडेसहा मीटरवर येते आणि फरक पाऊण स्टॉपवर उतरतो. ताकद वाढवावी लागते, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, थोडा चढवावा लागतो, पण मागच्या आजीचा चेहरा दिसतो. ज्या घरात तो अल्बम जाणार आहे, तिथं कदाचित हा आजीचा शेवटचा ग्रुप फोटो असेल. म्हणून हे गणित पाठच पाहिजे.

आता खिडकीबद्दल, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचा पहिला दिवा तीच असणार आहे. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात, उत्तरेकडची खिडकी वापरा. युरोपात दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो, तिथं ते बरोबर आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारापासून २३ सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मेच्या सुरुवातीला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन आत येऊ शकतं. अशा वेळी काचेला ट्रेसिंग पेपर लावा. जूनपासून ढग ते काम फुकटात करतात. पोर्ट्रेटसाठी पावसाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्रकाशाची दिशा वर्षभर कशी सरकते, हे आम्हा कोल्हापूरकरांना अंबाबाईच्या किरणोत्सवात दिसतं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, ते ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. हे दोन्ही काळ २१ डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, दोन बाजूंना जवळपास सारख्या अंतरावर आहेत, म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो. ज्यांनी हे मंदिर बांधलं त्यांना प्रकाशाचा कोन किती अचूक माहीत होता, हे बघून मला अजूनही भरून येतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकाच खिडकीतल्या उन्हाचा पट्टा दर महिन्याला त्याच वेळी खडूनं जमिनीवर आखायला सांगते.

आमचं पोट मात्र भरलं ते चांदीनं. हुपरी इथून जवळ, पैंजण-तोड्यांचं गाव. त्यामुळं दागिन्यांच्या कॅटलॉगची कामं येत गेली. चांदीवर प्रकाश टाकून फोटो निघत नाही. चांदी आरसा आहे. तिच्यात दिसतं ते समोरचं. गुळगुळीत तांब्या टेबलावर ठेवून बघा: त्यात खिडकी दिसते, ट्यूबलाइट दिसते, कॅमेरा धरून उभे असलेले तुम्ही दिसता. म्हणून वस्तूला लाइट करण्याऐवजी ती जे बघतेय त्याला लाइट करायचं.

तांब्याभोवती ट्रेसिंग पेपरचा अर्धा तंबू करा. दिवा कागदाच्या बाहेर ठेवा. दिवा कागदाला चिकटून असेल तर तांब्यावर पांढरा डाग उमटतो, कडा दिसते. हातभर मागं घेतला की तो डाग पसरतो आणि उजळाकडून करड्याकडं हळूहळू जाणारा उतार मिळतो. तांब्याचा पोटाचा गोलवा त्या उतारातूनच कळतो. आता सगळं पांढरं झालं आणि तांब्या पार्श्वभूमीत हरवला, असं होईल. इथं काळं कार्डशीट कामाला येतं. फ्रेमच्या जरा बाहेर, दोन्ही बाजूंना एकेक उभी काळी पट्टी लावली की तांब्याच्या कडेवर बारीक गडद रेघ उमटते आणि आकार एकदम सुटा होतो. पट्टी बोटभर पुढं-मागं केली की रेघ जाड-बारीक होते. हे कॅमेऱ्यातून बघत, दुसऱ्याला पट्टी हलवायला सांगत करायचं असतं. शेवटी उरतं लेन्सचं प्रतिबिंब. लांब पल्ल्याची मॅक्रो लेन्स (जवळून बारकावे टिपणारी), ९० किंवा १०५ मिलिमीटरची, घेऊन मागं सरका, ते लहान होईल. उरलेलं नंतर कॉम्प्युटरवर काढता येतं. ट्रायपॉड, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे वस्तू पुढून मागपर्यंत स्पष्ट) आणि भरपूर सबुरी. लेन्सवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून धातूची चमक जाईल अशी आशा धरू नका; काच, पाणी, पॉलिश केलेलं चामडं यांवर तो चालतो, उघड्या धातूवर थेट चालत नाही.

कोल्हापुरी चपलेला याच्या बरोब्बर उलट वागणूक लागते. तिची वेणी आणि चामड्याचा दाणा दिसायचा तर मऊ प्रकाश उपयोगाचा नाही. एक लहान दिवा मागच्या बाजूनं, टेबलाला जवळजवळ घासून जाईल असा ठेवा, म्हणजे प्रत्येक टाक्याची स्वतःची सावली पडते. पुढून पांढरा पुठ्ठा धरला की झालं.

रंगाबद्दल थोडक्यात. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा: जुना पिवळा टंगस्टन दिवा ३२०० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. दोन्ही एका फ्रेममध्ये आले की पैठणीचा रंग कुठलाच खरा येत नाही, म्हणून एकाच जातीचे दिवे ठेवा आणि बाकीचे बंद करा. एलईडी घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९५ च्या वर बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की बहुधा जातात.

एका बाबतीत मात्र मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. "मुलीचा रंग जरा उजळ करा," ही मागणी प्रत्येक स्टुडिओत येते आणि बरेच फोटोग्राफर न विचारताच चेहरे पांढरे करून देतात. सावळ्या त्वचेला कमी प्रकाशाची नाही, मोठ्या प्रकाशाची गरज असते. मोठा पडदा जवळून लावला की गालावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर रुंद, मऊ चमक येते आणि त्वचेचा खरा रंग सगळा जिवंत दिसतो. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या फेट्याला किंवा साडीला भुलून चेहरा काळवंडतो, तेव्हा चेहऱ्यावर स्पॉट मीटर (फक्त लहानशा जागेचा प्रकाश मोजणारा) लावा. नीट प्रकाशात काढलेला फोटो दाखवल्यावर उजळ करा म्हणणारे पालक बहुतेकदा गप्प होतात. त्यांना त्यांची मुलगी दिसलेली असते.

धंद्यात शिरायचा रस्ता विचाराल तर दोन आहेत. शिक्षणाचा: मुंबईची सर जे. जे. उपयोजित कला संस्था, अहमदाबादच्या एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्था) गांधीनगरमधला फोटोग्राफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, आणि सिनेमाकडं ओढा असेल तर पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिक्षण संस्था, जी १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. दुसरा रस्ता असिस्टंटचा. पगार बेताचा असतो, उचलाउचल फार असते, पण प्रकाश रोज डोळ्यांसमोर घडतो. सेटवर गेलात तर लाइटमन दादांच्या शेजारी उभे राहा. कटर (प्रकाश अडवणारा काळा पुठ्ठा), स्किमर (प्रकाश मऊ करणारं ताणलेलं कापड), थर्माकोल कुठं आणि का लावतात, हे त्यांच्याइतकं नीट कुणी दाखवत नाही. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, वायरला अर्थिंग, आणि फ्लॅशचं पोट कधीही उघडायचं नाही, कारण बंद फ्लॅशच्या कपॅसिटरमध्येही जीवघेणा विजेचा साठा राहू शकतो. हे पहिल्याच दिवशी शिका.

पहिली कामं मिळवायला पोर्टफोलिओ लहान ठेवा. दहा-बारा फोटो पुरतात, पण प्रत्येकाची लाइटिंगची आकृती तुम्हाला कागदावर काढून दाखवता आली पाहिजे. मी कामाला माणूस घेताना हेच विचारते.

आणि कोटेशन लेखी द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडं जातो. म्हणून फोटो किती द्यायचे, ते कुठं वापरले जातील, किती काळ, तुमच्या पोर्टफोलिओत ते ठेवायची मुभा आहे का आणि आगाऊ रक्कम किती, एवढ्या पाच ओळी कामाआधी लिहून त्यावर समोरच्याची सही घ्या. ओळखीच्या माणसाकडूनसुद्धा.