लीला बेणारेची प्रेमं रंगमंचावर कशी उभी करावीत

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात एक हौशी नाटकमंडळी खेळ म्हणून खोटा खटला चालवते आणि आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते. तिच्या प्रेमाचा एकही प्रसंग मात्र प्रेक्षकांसमोर घडत नाही. तिने ज्यांच्यावर प्रेम केलं त्यांपैकी मामा येत नाही, मंडळीतले प्राध्यापक दामलेही येत नाहीत. कळतं ते सगळं साक्षीदारांच्या तोंडून आणि अखेर तिच्या स्वगतातून. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात सुलभा देशपांडे यांना घेऊन हे नाटक केलं. तेव्हापासून ही भूमिका करणारीला पहिलं काम हेच असतं: न दिसलेली माणसं स्वतःपुरती खरी करून घेणं.

संहितेची वेगळी प्रत आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. बेणारे स्वतः बोलते ते एका रंगाने, इतरांनी तिच्याविषयी सांगितलेलं दुसऱ्याने, आणि खेळात ओढला गेलेला गावातला सामंत हातातल्या कादंबरीच्या आधारे जी साक्ष रचतो ती तिसऱ्याने. तिसऱ्या रंगाकडे नीट बघा. सामंत भोळेपणाने खेळात भर घालत असतो, पण त्याचा बनाव तिच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडतो. ती तिथे का हादरते हे नटीच्या मनात आधीच पक्कं नसेल, तर ती प्रतिक्रिया उसनी वाटते.

मामाचं प्रकरण मंडळीतला कर्णिक सांगतो तेव्हा ते पापासारखं येतं. स्वगतात मात्र ती जेमतेम चौदा वर्षांची आहे, पाप म्हणजे काय हेच तिला माहीत नाही, आणि ती लग्नासाठी हट्ट धरते. आईसकट घर विरोधात जातं, मामा पळ काढतो, ती जीव द्यायला जाते. हा भाग मोठ्या बाईच्या कडवटपणाने म्हणू नका. त्या वयाचा विश्वास आवाजात आला पाहिजे, मगच पुढची फसवणूक कळते.

दामल्यांचं निराळं. तिथे ती बुद्धीवर भाळलेली आहे, ती पूजाच करत होती, आणि दैवताने शरीराचा नैवेद्य तेवढा घेतला. दामले संसारी गृहस्थ. ते आलेले नाहीत म्हणूनच मंडळीतले सुखात्मे खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील होतात, म्हणजे बेणारेच्या बाजूने बोलायला खरं तर कोणीच उरत नाही. पहिल्या अंकात दामल्यांचं नाव निघेल तिथे तिने काहीही ‘दाखवू’ नये. हातातलं काम क्षणभर थांबलं तरी पुरे.

मंडळीतल्याच पोंक्षे आणि रोकडे यांना तिने घातलेली लग्नाची मागणी मामा आणि दामल्यांच्या रांगेत बसवणं ही सर्रास होणारी चूक. ते प्रेम नाही. पोटातल्या मुलाला बाप आणि घर मिळावं म्हणून ती दारोदार फिरते आहे. यासाठी तालमीत एक प्रसंग वेगळा करून पाहा: उडपी हॉटेलातलं एक टेबल, दोन खुर्च्या, पर्समध्ये ढेकणांच्या औषधाची बाटली. दहा मिनिटं, संहिता बाजूला. बेणारेने आधी ‘माझी एक मैत्रीण आहे’ असं म्हणून सुरुवात करायची आणि विषय हळूहळू स्वतःवर आणायचा. पोंक्षेने फक्त ऐकायचं. लगेच त्यानंतर पोंक्षेची कोर्टातली साक्ष वाचायला घ्या. टेबलावर जे घडलं आणि साक्षीत त्याचं जे झालं, त्यातली तफावत नटीच्या अंगावर येते. तिसऱ्या अंकात नुसतं बसून ऐकण्याचं बळ तिथूनच मिळतं. शक्य असेल तर रोकडेबरोबरही हेच करा, शेवटी त्याने तिला थप्पड मारेपर्यंत.

दुसऱ्या अंकापासून रडू लागलं की स्वगताला काही शिल्लक राहत नाही. आरोपीला बोलायला दहा सेकंद मिळतात, बाकीचे गोठतात, आणि तिचं बोलणं त्यांच्यापैकी कोणालाच ऐकू जात नाही. म्हणून ते भाषण न्यायाधीशाकडे किंवा साक्षीदारांकडे वळून, बचाव केल्यासारखं करू नका. आधी बसून, आवाज न चढवता चार-पाच वेळा वाचा, हालचाल नंतर. स्वगताच्या दोन्ही टोकांना ती गप्प असते. ती शांतता घड्याळ लावून बसवा. घाईत तीच पहिली कापली जाते.

आणि सामंतचा हिरवा कापडी पोपट पहिल्या तालमीपासून हाताशी ठेवा. शेवटी तो तिच्यासमोर ठेवला जातो, चिमणीच्या गाण्याच्या ओळी ऐकू येतात. त्या वस्तूची आधी सवय नसेल तर नटी त्याच्याकडे बघते, आणि बेणारे तर तेव्हा जेमतेम हलते.