ठेंगण्या माडीत दिवे लावण्याआधी

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत जुन्या घराच्या माडीवर चढलं की उंच माणसाची मान आपोआप झुकते. आमच्या माडीचं छत कडीपाटाचं, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवर फळ्या असं आहे. जमिनीपासून साडेसात फुटांवर, आणि तुळईखाली तर सहा फूट दहा इंचच. अशा खोलीतले दिवे बदलायचे असतील तर दुकानात जाण्याआधी काय काय करून ठेवावं, ते लिहितोय. आम्ही एकदा उलटं केलं होतं, दिवे आधी आणले. पीओपीचं छत चार इंच खाली घेऊन त्यात सहा डाऊनलाइट बसवले. होती ती उंचीही गेली. आई म्हणाली, "जेवायला बसलं की ताटात माझीच सावली, आणि आडवं झालं की दिवा डोळ्यांत." पुढच्या वर्षी सगळं उतरवलं.

म्हणून पहिलं काम टेपचं. छताची उंची चारही कोपऱ्यांत आणि तुळईखाली वेगवेगळी मोजा, कारण जुन्या घरात ती सगळीकडे सारखी नसते. दारांची, खिडक्यांची, कपाटांची उंचीही कागदावर घ्या. मग पंखा बघा. नेहमीच्या दांड्याचा पंखा छतापासून साधारण फूटभर खाली येतो. म्हणजे आमच्यासारख्या खोलीत पाती साडेसहा फुटांवर आली, आणि शर्ट घालताना वर गेलेला हात पात्यात. दिवा पात्यांच्या वर असला तर सावल्या सारख्या फिरत राहतात, वाचणाऱ्याचं डोकं दुखतं. आम्ही छताचा पंखा काढून भिंतीचा लावला आणि अर्धा प्रश्न तिथंच सुटला.

त्यानंतर दोन दिवस काहीच विकत न घेता खोलीत कोण कुठं बसतं ते पाहा. आमच्याकडं आई खिडकीजवळ सुपात तांदूळ निवडते, पुतण्या पलंगावर अभ्यास करतो, आणि रात्री सगळे मधल्या सतरंजीवर जेवतात. उजेड हवा तो या तीन जागांना. खोलीच्या मध्यावर, जिथं वायरमन सवयीनं पॉइंट काढतो, तिथं बसलेल्यांच्या फक्त टाळूवर उजेड पडतो. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. आमच्या माडीत दोन दिवळ्या, म्हणजे दिवा ठेवायचे भिंतीतले कोनाडे आहेत, बसल्या माणसाच्या डोक्याच्या थोड्या वर. दिवा भिंतीत, उजेड बाजूनं, चेहरा स्वच्छ. छत ठेंगणं असलं की आजही मला हीच पद्धत योग्य वाटते: वरून लोंबणारं काही नको, उजेड भिंतीवर आणि छतावर टाकायचा आणि तिथून तो खाली यायचा.

तो खाली यायचा तर छत आणि भिंती फिक्या हव्यात, म्हणून रंगकाम दिव्यांच्या आधी. काळसर कडीपाट उजेड गिळतो. लाकडाचा रंग राखायचा असेल तर निदान भिंती पांढऱ्या किंवा दुधी करा. चकचकीत ऑइलपेंट मात्र नको, त्यात दिव्याचा ठिपका आरशासारखा दिसतो. आम्ही कड्या तशाच ठेवून मधल्या फळ्यांना मॅट पांढरा दिला. छत हातभर वर गेल्यासारखं वाटतं.

आता हिशोब. वॅटवर जाऊ नका, खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप वाचा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला एकूण दोन ते अडीच हजार ल्युमेन बसण्या-उठण्याला पुरतात. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो, म्हणजे तीन बल्ब झाले. पण तिन्ही एकाच जागी नकोत, आणि तिन्हींना वेगळी बटणं हवीत. भिंतीवरचे दोन दिवे साडेपाच फुटांवर, तोंड वर, खालून झाकलेले, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांत जात नाहीत. तिसरा वाचायला, पलंगाजवळ. रंगासाठी केल्विनचा आकडा बघा: २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. लाकडाच्या माडीला ३०००च शोभतो, ६५००मध्ये सागवानसुद्धा राखाडी दिसतं. तांदळातला खडा दिसायला आईच्या जागी ४०००चा ठेवला. तिथं सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९०चा मिळाला तर उत्तम. छतालाच दिवा हवा असेल तर छताला चिकटून बसणारा पातळ पॅनेल घ्या, आणि तो भिंतीच्या बाजूला सरकवून लावा.

खरेदीच्या आदल्या रात्री एक प्रयोग जरूर करा. टेबललॅम्पला एक्स्टेन्शन बोर्ड जोडा, घरातल्या एकाला तो भिंतीजवळ धरायला सांगा, आणि तुम्ही आईच्या जागी बसा, मग पलंगावर आडवे व्हा. उंची अर्ध्या फुटानं बदलून बघा. जिथं डोळे मिटावेसे वाटत नाहीत तिथं पेन्सिलनं खूण करा. आमची एक खूण वायरमनच्या पॉइंटपासून तब्बल दोन फूट हलली.

वायरिंगचं काम मन लावून करून घ्या. जुन्या माडीत लाकडी पट्टीवरची वायर असते, अर्थिंग बहुधा नसतं. पावसाळ्यात आमची पश्चिमेची भिंत ओल धरते, म्हणून तिथं पॉइंट ठेवला नाही. नवी वायर पाइपातून, अर्थिंगसह, आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. पट्टीचा एलईडी लावणार असाल तर त्याचा अडॅप्टर कडीपाटाच्या फटीत कोंबू नका, त्याला वारा लागला पाहिजे आणि पुढं बदलायला हातही पोचला पाहिजे. जिन्याला खाली-वर दोन्हीकडं टू-वे बटण सांगा. ठेंगण्या माडीच्या पायऱ्या उभ्या असतात, आणि म्हातारी माणसं अंधारात बटण शोधतात.

शेवटी दुकानात. मोजमापाचा कागद, पेन्सिलखुणांचे फोटो आणि भिंतीच्या रंगाचा तुकडा बरोबर न्या. बल्ब तिथंच लावून बघा, एकाच कंपनीचे घ्या, आणि प्रत्येक छटेचा एकेक जास्तीचा घेऊन कपाटात ठेवा, कारण वर्षभरानं नेमकी तीच छटा मिळेल असं नाही.