पेमेंट कंपनीचा लोगो करताय? मग या चुका टाळा

पेमेंट ॲपचे लोगो करण्यात बरीच वर्षं गेली माझी, आणि अजूनही दर महिन्याला कुणीतरी फाइल पाठवतं, "सर, जरा बघता का?" उघडली की तेच. निळा ग्रेडियंट (गडदातून हळूहळू फिका होत जाणारा रंग), पुढे झेपावणारा बाण, त्यात कुठेतरी एक टिक, आणि सोबत बारा स्लाइड, बाण म्हणजे वेग, निळा म्हणजे विश्वास, दोन रेघा म्हणजे देणारा आणि घेणारा. अरे, पण हा लोगो दिसतो कधी? पैसे खात्यातून निघालेत आणि समोर पोचले की नाही ते अजून कळलेलं नाही, अशा वेळी. तेव्हा जीव टांगणीला लागलेला असतो, अर्थ कोण वाचत बसणार? योग्य ठिकाणी पैसे जातायत ना, एवढंच माणूस बघतो.

सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती टिक. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण याचा त्रास मी जवळून बघितलाय. एका कंपनीचं काम आलं, लोगो आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेला, हिरव्या गोलात पांढरी टिक आणि तिचं लांब टोक बाणासारखं वर गेलेलं. दिसायला खरंच देखणा होता. पण तो ॲपच्या प्रत्येक स्क्रीनवर वरती होता, म्हणजे पेमेंट फेल झालं त्या स्क्रीनवरसुद्धा. आता काउंटरवर काय होतं, ग्राहक घाईत फोन वळवून दाखवतो, दुकानदार दोन हातांवरून बघतो, त्याला हिरवं दिसतं, टिक दिसते, तो माल देऊन मोकळा. रात्री हिशोब बसत नाही. सपोर्टकडे आलेले स्क्रीनशॉट मी एकेक करून बघितले, खाली बारीक लाल अक्षरांत "व्यवहार अयशस्वी" आणि वर ठसठशीत हिरवी टिक. ग्राहकही खोटं बोलत नव्हता, त्यालाही गेले असंच वाटलं होतं. टीमने आधी लाल अक्षरं मोठी केली, मग लाल पट्टी टाकली, मग आवाज टाकला, पण लोगोला हात लावायला कुणी तयार नाही कारण स्टिकर छापून झालेले. शेवटी लोगो बदलावाच लागला आणि सगळे स्टिकर पुन्हा छापावे लागले.

त्यामुळे टिक, फुली, घड्याळ, उद्गारचिन्ह, गोल फिरणाऱ्या लोडरसारखं काहीही लोगोत नको. ही चिन्हं व्यवहाराचं काय झालं ते सांगायची आहेत, ती त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. माझी सवय सांगतो, लोगो फेलच्या स्क्रीनवर बसवायचा, फोन पाचसहा फुटांवर धरायचा आणि ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला विचारायचं, पैसे गेले का? तो क्षणभर जरी अडखळला तरी मी तो लोगो बाजूला ठेवतो.

कॉन्टॅक्टलेस कार्डावर असतात तशा चार वक्र रेघा लोगोत घेऊ नका, ते चिन्ह ईएमव्हीकोचा, म्हणजे कार्ड पेमेंटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, ट्रेडमार्क आहे आणि त्या रेघा दिसल्या की लोक तिथे कार्ड टेकवायला जातात.

चलनाचं चिन्ह पण नको. कंपनी दुसऱ्या देशात गेली की अडकलात.

निळा रंग घ्यायचाच असेल तर शेजारी कोण कोण बसलंय ते आधी बघा, व्हिसा, अमेरिकन एक्सप्रेस, पेपाल सगळे तिथेच. २०१६ मध्ये पेपालने पेटीएमच्या ट्रेडमार्कवर भारतात हरकत घेतली होती, मुद्दा हाच की दोन्ही नावं 'पे'ने सुरू होतात आणि दोन्हीकडे निळ्याच्या दोन छटा, आधी गडद, मग फिकी.

आता दुसरी मोठी चूक, पावती विसरणे. लोगो सत्तावीस इंची स्क्रीनवर बघून पास करतात आणि तो जन्मभर छापला जातो थर्मल कागदावर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने काळा होणाऱ्या पावतीच्या कागदावर. ५८ मिलिमीटरच्या रोलवर छापायची रुंदी साधारण ४८ मिलिमीटर, मिलिमीटरला आठ ठिपके, म्हणजे अख्ख्या ओळीत ३८४ ठिपके. ठिपका एकतर काळा नाहीतर नाही, करडा प्रकारच नाही तिथे. एकदा दोन रिबन एकमेकींत विणलेला लोगो मी असा छापून बघितला, तर विणीतल्या फटी पार बुजल्या, ग्रेडियंटच्या जागी पुरळ उठल्यासारखे ठिपके, आणि दोन रिबनांचा मिळून एक काळा गोळा. डिझायनर म्हणे प्रिंटर खराब आहे. प्रिंटर अगदी ठणठणीत होता. अँड्रॉइडच्या नोटिफिकेशनचंही तेच, ५.० आवृत्तीपासून तिथे छोट्या आयकॉनचा रंग जातो आणि नुसता आकार उरतो, भरीव चौकोनात लोगो दिलात तर लोकांना पांढरा चौकोन दिसणार. म्हणून मी आधी एका रंगात, नखाएवढा काढतो, छापतो, आणि तो जमला की मगच रंगाची फाइल उघडतो. नवीन मुलांना हा उलटा क्रम कंटाळवाणा वाटतो, पण इथे शॉर्टकट नाही.

मोठ्या कंपन्यांनाही लोगो असा सोपा करावा लागलाच. मास्टरकार्डची लाल आणि पिवळी वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे पूर्वी आडव्या पट्ट्या होत्या, २०१६ मध्ये पेंटाग्राम या डिझाइन कंपनीने त्या काढून सरळ नारिंगी रंग भरला. व्हिसानेही २००६ मध्ये वरखालचे पट्टे काढले. आणि मास्टरकार्डने जानेवारी २०१९ मध्ये वर्तुळांवरून नावच काढलं, हे उदाहरण देऊन मला नवे लोक सांगतात की आम्हालाही नुसतं चिन्ह हवंय, नाव नको. अहो, ती वर्तुळं १९६८ पासून लोकांच्या पाकिटात आहेत! तुमचं ॲप तीन महिन्यांचं आहे, नाव ठेवा. फोनपेने काय केलं बघा, चिन्ह म्हणून देवनागरी 'पे' घेतला. ज्याला वाचता येतं त्याला नाव आणि काम दोन्ही कळतं, ज्याला येत नाही त्याच्यासाठी एक ठळक आकार, स्लाइड लागत नाही.

क्यूआरच्या मध्ये लोगो टाकताना हावरटपणा नको. क्यूआरच्या एच पातळीला (चूक सुधारण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीला) सुमारे ३० टक्के बिघाड भरून निघतो हे वाचून लोक लोगो तेवढाच मोठा करतात, पण ती सोय ओरखडे, मळ आणि चमक यांच्यासाठी आहे, ती तुम्हीच आधी वापरून टाकलीत तर स्टिकर जरा मळला की स्कॅन बंद. मी रुंदीच्या पाचव्या भागापुढे जात नाही, क्यूआरभोवतीची कोरी जागाही त्यातल्या चार बारक्या चौकटींएवढी सोडतो, आणि तपासायचं ते जुन्या, कॅमेऱ्यावर ओरखडे असलेल्या फोनने.

आणि मला फाइल पाठवायची असेल तर पावतीवर छापलेल्या लोगोचा फोटो आणि फेलच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट एवढंच पाठवा, स्लाइड नंतर बघू.