नदीकाठाचे काम हाती घेण्यापूर्वी या चुका टाळा

नदीकाठ लोकांसाठी खुला करण्याची मागणी आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावांतूनही घाट, पायवाटा आणि बागांचे प्रस्ताव येऊ लागले आहेत, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र असे आराखडे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असून, जवळपास प्रत्येक आराखड्यात त्याच त्या चुका दिसतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच सवय आहे: आधी संगणकावर देखणे चित्र तयार होते आणि पाण्याचा विचार नंतर होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नदीला भिंत बांधायची आणि त्या भिंतीमागून येणारे नाले विसरायचे. एका गावात चार मीटर उंचीची भक्कम काँक्रीटची भिंत बांधून तिच्यावर फिरण्याची वाट केली होती. भिंतीतून नाले बाहेर काढण्यासाठी पाइप ठेवले होते, पण त्यांच्या तोंडाशी उलट्या प्रवाहाने आपोआप मिटणारी झडप बसवलेली नव्हती. कामाला उशीर होतो आहे म्हणून ती बाब ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलली गेली होती, आणि त्या बैठकीत मी पुरेशा ठामपणे विरोध केला नाही, याची खंत मला आजही आहे. ऑगस्टमध्ये नदी भिंतीच्या निम्म्याहून वर चढली. भिंतीतून थेंबही झिरपला नाही; परंतु नदीचे पाणी पाइपांतून उलटे आत शिरले आणि भिंतीमागच्या भाजी मंडईत चेंबरची झाकणे उचलून वर आले. नदी उतरल्यावर तेच पाणी भिंतीमुळे आत अडकून राहिले, आणि पुढचे दोन दिवस ट्रॅक्टरवरचे पंप लावून ते उपसावे लागले. भिजलेल्या कांद्याची पोती बाजूला ओढणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या, “साहेब, आधी नदी समोरून यायची, तेव्हा दिसत तरी होती.”

तेव्हापासून आराखडा हाती घेण्यापूर्वी मी संपूर्ण काठ दोनदा पायी चालतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. प्रत्येक नाल्याचे तोंड स्वतः मोजतो. काठावरच्या धोब्यांना, कोळ्यांना आणि देवळाच्या पुजाऱ्यांना जुन्या पुराची खूण विचारतो आणि ती जागेवर चुन्याने आखून घेतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. या दोन्ही रेषा नकाशावर असल्याच पाहिजेत, पण पात्रात भराव पडला किंवा नवा पूल झाला की तेवढ्याच विसर्गाला पाण्याची पातळी वाढते, हे नकाशा आपण होऊन सांगत नाही. पुण्यात मुठा नदीवरचा कमी उंचीचा भिडे पूल पाण्याखाली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. परंतु 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्युसेक विसर्ग सुटला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतील घरांत पाणी शिरले, तेव्हा काठावरच्या प्रत्येक फुटाचा हिशेब किती महत्त्वाचा आहे, हे साऱ्या शहराने पाहिले.

दुसरी चूक सांडपाण्याची. मे महिन्यात सकाळी आठ वाजता नाल्यातून जे वाहते ते पावसाचे पाणी नसते, एवढे साधे निरीक्षण न करता ‘पावसाळी नाला’ अशी नोंद करून पुढे जाणारे नवशिके मी दरवर्षी पाहतो. दर्शनी भागाचे काम लवकर दिसते, जमिनीखालच्या वाहिनीचे काम दिसत नाही, म्हणून आधी फरशी बसते आणि वर्षभरात वाहिनीसाठी तीच उखडली जाते. अहमदाबादच्या साबरमतीचे उदाहरण सगळे देतात. तेथे दोन्ही काठांनी सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीचे काम झाले, पात्राची रुंदी 263 मीटर एकसारखी ठेवली गेली आणि काठालगत वाहिन्या टाकून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळवण्यात आले. याशिवाय तेथे दिसणारे बारमाही पाणी नर्मदा कालव्यातून येते आणि वासणा बंधाऱ्यामुळे साठून राहते. ज्या नदीला असा कालवा नाही, तिच्यासाठी हेच चित्र रंगवणे म्हणजे उन्हाळ्यात तुंबलेल्या सांडपाण्याकाठी बाके मांडणे आहे. नाले वळवल्याखेरीज पहिली फरशी बसवू नये, हा माझा आग्रह आहे, आणि त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी थांबावे.

घाटाच्या पायऱ्यांना गुळगुळीत फरशी लावू नका. शेवाळ धरले की तेथे माणूस घसरून पडणारच. छिन्नीने टाचून खडबडीत केलेला काळा दगड वापरा.

दिव्यांची वीजपेटी लाल रेषेच्या वरच असली पाहिजे.

हिरवळीचा मोह टाळा. तिला उन्हाळाभर पाणी लागते आणि ती सावली देत नाही. काठावर मुळातच असलेले उंबर, करंज, जांभूळ आणि वाळुंज राखा. त्यांची मुळे माती धरून ठेवतात.

स्वच्छतागृह आराखड्याच्या पहिल्याच कागदावर दाखवा. ते नंतर कुठेतरी कोपऱ्यात बसवले की स्त्रियांना संध्याकाळी तेथे जाणे नकोसे होते.

काठावर कपडे धुणारे, मासे विकणारे आणि आठवडी बाजारात बसणारे लोक त्या जागेचे आधीचे वापरकर्ते आहेत. त्यांची जागा नकाशावर न दाखवता काम सुरू करणे हा अन्याय तर आहेच, शिवाय ती माणसे गेली की संध्याकाळनंतर काठ ओस पडतो आणि असुरक्षित होतो.

शेवटची चूक गाळाची. खालची वाट पुराच्या पाण्यात बुडणार हे गृहीत धरूनच ती आखलेली असते, पण पूर ओसरल्यावर तिच्यावर साचलेला गाळ काढायला ट्रॅक्टर कोठून उतरणार, याचे उत्तर आराखड्यात सहसा नसते. गाळ ओला असतानाच फावड्याने ओढून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतला, तर दिवसाभरात वाट मोकळी होते. ऊन लागून तो कडक झाला की सांध्यांतून तो खरवडण्यात आठवडे जातात. म्हणून अंदाजे दर तीनशे मीटरवर साडेतीन मीटर रुंदीचा उतार आणि त्याच्या माथ्यावर पाण्याचा एक नळ, एवढे मी प्रत्येक आराखड्यात स्वतःच्या हाताने काढून देतो.