मानेवरची न दुखणारी गाठ: घरी कशी पाहावी, डॉक्टरांकडे कधी जावे

"दुखत नाही ना, मग राहू दे." मानेला गाठ लागली की हे वाक्य हमखास ऐकू येते. मला त्याची भीती वाटते. सर्दी-घशाने सुजलेली गाठ बहुधा दुखते आणि आपोआप बसते. क्षयाची किंवा कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला बरेचदा अजिबात दुखत नाही. न दुखणारी प्रत्येक गाठ वाईट असते असे नाही. चरबीची गाठही दुखत नाही. पण दुखत नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

आधी आरशासमोर बसा. दोन-तीन बोटांच्या पेरांनी जबड्याखाली, कानामागे, मानेच्या कडेला आणि कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात हलकेच चाचपा. एका वेळी एकच बाजू. दोन्हीकडून मान दाबू नका, तिथे मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आहेत. जबड्याखाली दोन्ही बाजूंना सारखेच मऊसर काही लागले तर ती बहुधा लाळग्रंथी असते. गाठ नाडीसारखी उडत असेल तर चाचपणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मग पाण्याचा घोट घ्या. गिळताना गाठ वर सरकली तर ती थायरॉइडची असण्याची शक्यता जास्त. गाठ मऊ आहे की कडक, बोटाखाली सरकते की रुतून बसली आहे, हेही बघा. तारीख आणि अंदाजे आकार लिहून ठेवा, आणि मग रोज चिवडत बसू नका. सतत दाबल्यानेही ती हुळहुळी होते.

नुकताच घसा, दात किंवा डोक्याची त्वचा बिघडली असेल तर दोन आठवडे वाट पाहायला हरकत नाही. त्यानंतरही गाठ तशीच असेल किंवा वाढत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

काही वेळा मात्र दोन आठवडेही थांबू नये: कडक, न हलणारी गाठ, कॉलरबोनच्या वर आलेली गाठ, सोबत आवाज बसणे, गिळायला त्रास, तोंडातला न भरणारा व्रण, एकाच कानात दुखणे, वजन घटणे, रात्री घामाने कपडे भिजणे. चाळिशीनंतर आणि तंबाखू किंवा दारूची सवय असेल तर अधिकच लवकर. ही सवय डॉक्टरांना न लाजता सांगा. श्वास अडखळत असेल तर थेट तातडीच्या विभागात.

स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. स्टेरॉइडने तर लसिका ग्रंथींचा (संसर्गात सुजणाऱ्या गाठींचा) कर्करोग काही काळ दबतो आणि निदान लांबते.

डॉक्टर तोंड-घसा तपासतील, सोनोग्राफी सांगतील, बहुधा बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढतील. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या समजापायी लोक महिनेच्या महिने घालवतात. मानेच्या गाठीसाठी ही नेहमीची, सुरक्षित तपासणी आहे. कधी पुरेशा पेशी मिळत नाहीत आणि अहवाल अनिर्णित येतो. त्याचा अर्थ "काही निघाले नाही" असा घेऊ नका. पुन्हा सुई किंवा बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) कधी करायची, ते त्याच भेटीत विचारून ठरवा.